नाल्याच्या तोंडावरची मच्छरदानी

समुद्र मी अजून पाहिलेला नाही. आमचं पाणी म्हणजे हिवरखेडच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी अडवलेलं धरण. त्याचा एक काठ गावांचा आणि दुसरा वाघाचा. जंगल राखीव झालं तेव्हा जंगलात शिरणारं धरणाचं वरचं पाणीही राखीव झालं. काठाला पांढरे दगड रोवले गेले. त्यांच्यापलीकडे जाळं न्यायचं नाही, माणसानंही जायचं नाही. माझे बाबा भोई, मासे धरणारे. ट्रकच्या चाकाची फुगवलेली ट्यूब, तिच्यावर बांधलेली फळी आणि हातात दोन आखूड वल्ही, एवढ्यावर त्यांनी आमचं घर चालवलं.

खरं सांगायचं तर ती बंदी आमच्या लोकांना जड गेली नाही. आषाढात डोंगरातून गढूळ पाणी उतरलं की अंड्यांनी भरलेल्या मासोळ्या त्या पाण्यावर उलट्या चढतात आणि जंगलातल्या नाल्यात शिरतात. आमच्यात म्हणत, मासोळी बाळंतपणाला माहेरी चालली. तिच्या वाटेत जाळं लावायचं नाही. तशी मासोळी चुकून हाती आलीच तर घरातली बाई तिच्या डोक्याला कुंकू लावून तिला पाण्यात सोडायची. साहेबांची बंदी आणि आमची रीत एकाच जागी येऊन मिळाल्या होत्या, म्हणून भांडण झालं नव्हतं.

मी दर्यापूरहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले, तोही आषाढच. सातवा महिना होता. काळीपिवळी जीपमधून उतरले तर पाय सुजून खांब झालेले. मायनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाली, "आली का मासोळी वर चढून?" मला हसूही आलं आणि रडूही.

त्या दिवसांत वऱ्हाडात कपाशी माणसं खात होती. पेपर उघडला की एखाद्या शेतकऱ्याचा फोटो. वावरच पिकलं नाही तर निंदायला, वेचायला कोणाला बोलावणार? ज्यांनी जन्मात जाळं हातात धरलं नव्हतं असे लोकही धरणाकडे वळले. त्यांच्याकडे जाळी कुठली असणार? ते घरच्या मच्छरदाण्या घेऊन आले. मच्छरदानीतून बोटाएवढं पिल्लूसुद्धा सुटत नाही. मला त्यांचा फार राग यायचा, आजही येतो. पण त्यांच्या घरच्या चुली आठवल्या की तो धरून ठेवता येत नाही.

एका सकाळी आमच्यातला एक म्हातारा सांगत आला, वरच्या नाल्याच्या तोंडावर कोणीतरी मच्छरदानी आडवी बांधली आहे आणि अंड्याच्या मासोळ्या तिच्यावर येऊन आदळत आहेत. बाबांनी कपातला चहा तसाच ठेवला.

माय म्हणाली, "तिकडं बंदी हाये. कावून जाता?"

"वाट अडवली कोनं, तं मोकळी कराले नोको का?" म्हणत बाबांनी ट्यूब पाण्यात लोटली.

तिथं काय झालं ते बाबांनी सांगितलं आणि जंगलाच्या गार्डनंही सांगितलं. दोघांच्या सांगण्यात फारसा फरक नव्हता, हेच आमचं दुर्दैव. मच्छरदानी कापून टाकली असती तर काम लवकर उरकलं असतं. पण कापलेल्या कापडात गुरफटून मासोळ्या मेल्या असत्या. म्हणून बाबा छातीभर पाण्यात उभे राहून एकेक मासोळी हातानं सोडवत होते. काठावरून शिट्टी वाजली. दुसरा कोणी असता तर पळाला असता. बाबा म्हणाले, "थांबा साहेब, दोनच राह्यल्या." गार्डला काय दिसलं? राखीव पाण्यात एक भोई, त्याच्यापुढे जाळं आणि हातात अंड्याची मासोळी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती आमच्या घरात अशी आली. गार्डला मी बोल लावत नाही. त्याच्या जागी मी असते तर मलाही तेच दिसलं असतं.

ट्यूब गेली, मासेमारीचं कार्ड गेलं, केस झाली. वरच्या साहेबानं समजावून सांगितलं की जाळं मीच लावलं असं कबूल करा, किरकोळ दंडावर भागेल आणि कार्ड परत मिळेल. नाहीतर केस चालेल तोवर धरणात उतरता येणार नाही. ती मच्छरदानी कोणाची हे बाबांना ठाऊक होतं. ज्या घरच्या वावरात माय वेचणीला जायची, त्याच घरची. ते नाव त्यांनी घेतलं नाही, आणि कबूलही केलं नाही.

"अंड्याच्या मासोळीपुढं म्या जाळं लावलं, असं माह्या तोंडानं सांगू?" ते विचारायचे. भोयाला याहून मोठी शिवी नाही.

मला मुलगी झाली. मी दर्यापूरला परतले. बाबा अकोटला जिनिंगमध्ये कामाला लागले. पाण्यावर जन्म गेलेला माणूस तो, रुईची धूळ त्यांच्या छातीत बसली. संक्रांतीला मी माहेरी आले तेव्हा चार शब्द बोलले की बाबांना भिंत धरावी लागत होती. शेवटी माय बोलली, माझ्यासमोरच बोलली.

"तुमचं खरं हाये. मले मालूम हाये, देवाले मालूम हाये. पन हा खोकला मले पाहावत नाही. सांगून टाका."

 बाबा म्हणाले, "बरं."

जंगलखात्याच्या कचेरीत त्यांच्यासोबत मी गेले होते, लेकीला कडेवर घेऊन. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं बाबांना खुर्ची दिली. बाबा बसले नाहीत. खाली पाहून म्हणाले, "हो साहेब. म्याच लावलं."  ओरडून खरं काय ते सांगावंसं वाटलं, पण मायचा चेहरा आठवला आणि तोंड दाबून उभी राहिले. साहेब म्हणाला, "ठीक आहे. पुन्हा नाल्याकडे दिसू नका."

"नाई दिसत," बाबा म्हणाले. येताना एसटीत त्यांनी नातीला मांडीवरून खाली ठेवली नाही.

आमच्यातल्या कोणी त्यांना एका शब्दानं टोचलं नाही. खरं सगळ्यांना माहीत होतं. बाबा पुन्हा पाण्यात उतरू लागले, खोकला कमी झाला, आणि झालं ते बरंच झालं असं मी धरून चालले.

पुढच्या आषाढात लेकीला घेऊन मी चार दिवस माहेरी आले होते. माय, बाबा आणि मी काठावर बसलो होतो. समोर, पलीकडे, नाल्याच्या तोंडावर पांढरं कापड आडवं ताणलेलं दिसलं. त्याच्यापुढे पाणी सारखं उडत होतं.

"अवो, दिसते का?" माय म्हणाली.

"दिसते."

"मंग?"

"मले तिकडं जायची मनाई हाये," बाबा म्हणाले, आणि नाल्याकडे पाठ करून बसले.

 लेक तिकडे हात करून हसत होती, तिला ते पाण्याचं उडणं फार आवडलं होतं.