भरल्याशिवाय न सुटणारी गाडी

टॅक्स भरताना एकदाही शिवी हासडली नाही, असं छातीवर हात ठेवून सांगणारा तुमच्यात कोणी आहे? नसणारच. घरपट्टी असो, पाणीपट्टी असो, नाहीतर काडेपेटीपासून खताच्या गोणीपर्यंत किमतीत मुरलेला कर असो, आपण देतो आणि मागून बोटं मोडतो. सरकार नसतं तर आपण आपलं झकास चालवलं असतं, हे वाक्य चहाच्या टपरीवर कोणीही टाकावं आणि बाकीच्यांनी माना डोलवाव्यात. जीवन खराटे हे वाक्य सगळ्यांत फर्डं टाकायचा. त्याच्या मागं अख्खं गाव गेलं, म्हणून तर ही गोष्ट सांगायची.

रोहिणखेडच्या पुढं, मोठा रस्ता सोडून आत वळलं की त्याचं गाव लागतं. जीवनची काळीपिवळी जीप गावापासून तालुक्याच्या मोताळ्यापर्यंत चालायची. गडी तोंडाचा तिखट, पण हाताचा सढळ. म्हातारं माणूस दिसलं की त्याची पिशवी स्वतः टपावर चढवणार. अडल्या बाईला दवाखान्यात नेलं तर भाड्याचं नाव काढणार नाही. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर सगळं त्याच्या डोक्यावर ढकलून तुम्ही मोकळे व्हाल.

गावात सकाळी एसटी यायची. कधी वेळेवर, कधी रडतखडत. पावसाळ्यात आत बसूनही छत्री उघडावी लागायची. पण यायची. आणि ती यायच्या जरा आधी जीवन जीप स्टँडवर आडवी लावायचा. "चला मोताळा, मोताळा! निघूनच राह्यलो! बसा काकाजी, त्या खटाऱ्याची कायले वाट पाहता?" पैसे देऊन जाणारी सगळी माणसं उचलायची आणि बसची धूळ दिसायच्या आत पसार व्हायचं, ही सगळ्याच जीपवाल्यांची रीत. मागं एसटीला उरायच्या त्या कॉलेजच्या पोरी, ज्यांना शिक्षणासाठी पास फुकट, आणि पंच्याहत्तरी ओलांडलेली म्हातारी माणसं, तीही फुकट. कंडक्टर बिचारा खिडकीला डोकं टेकून झोपायचा.

मग एका ग्रामसभेत हाच जीवन उभा राहिला.

"सरपंचसाहेब, ते येष्टी रिकामी येते न् रिकामी जाते. डिझेल कोणाचं जळते? आपलं! टॅक्स आपण भरावं न् सरकारनं खाली सीटा फिरवाव्या? नाही पाहिजे आपल्याले. गाव आपली सोय आपण करीन."

"अन् कालेजच्या पोरी?" सरपंच भगवंतरावांनी विचारलं.

"माह्या गाडीत. फुकट. जबान देतो."

टाळ्या पडल्या. बस नको असा ठराव झाला. बस रिकामी का जाते, हे त्या सभेत प्रत्येकाला ठाऊक होतं. ती रिकामी टाकून जीपमध्ये बसणारे तेच होते ना! पण एकानंही तोंड उघडलं नाही. आगारालाही तोट्याची फेरी नकोच होती. बस बंद झाली आणि जीवनचा सत्कार झाला, शाल-नारळ देऊन.

सुरुवातीला काय थाट! पोरी पुढच्या सीटवर, गाणी चालू. पण जीपचा कायदा एकच, भरल्याशिवाय हलायचं नाही. आणि पैसेवालं माणूस आलं की जागा त्याची. आधी पोरी मागच्या फळीवर गेल्या. मग बाजाराच्या दिवशी "बाई, जरा उतर, पुढच्या खेपेले नेतो" सुरू झालं. मग रोजच. त्यातल्या काहींनी कॉलेज सोडलं. एकीचं लग्न ठरलं. गावानं म्हटलं, पोरींचं असंच असते.

टिकून राहिली ती अनुपमा. बारावी सायन्सला होती. आईबाप कामासाठी सुरतेला, ही आजी सरस्वतीबाईजवळ. बोलायला कमी, अभ्यासाला चोख. तिचं प्रॅक्टिकल होतं त्या सकाळी ती सगळ्यांच्या आधी जीपमध्ये येऊन बसली, जर्नल छातीशी धरून. हरभरा सोंगणीला आलेला, गाव सारं वावरात. जीपमध्ये ती एकटीच.

"काका, आज परीक्षा हाय."

"हाव ना बाई. दोनतीन सीटा येऊ दे, लगेच निघतो."

कोणी येईना. जीवननं चहा घेतला. आरसा पुसला. टायरवर लाथ मारून हवा पाहिली. एकीसाठी मोताळ्यापर्यंत डिझेल जाळायचं? आज केलं तर उद्याही करावं लागंल, आणि रोज केलं तर जीपचा हप्ता कोण भरंल? हिशोब चुकीचा नव्हता. अनुपमानं पुन्हा एकदाच विचारलं, "काका, निघता का?" तो म्हणाला, "निघूनच राह्यलो."  मग ती खाली उतरली आणि चालायला लागली. त्यानं हाक मारली नाही.

ती वळणाआड झाली आणि लग्नाच्या कापडांचा बस्ता फाडायला निघालेली लग्नघरची मंडळी आली. बायका, पोरं, पिशव्या. जीप फळीपर्यंत गच्च. जीवन खुशीत निघाला. पाझर तलावाच्या पुढं त्याला ती दिसली. भराभर चालत होती. त्याचा पाय ब्रेकवर गेलाही, पण मागून आवाज आला, "आता अजून कोणाले कोंबतं बे? आमच्या डोस्क्यावर बसवतं का?" सगळे हसले. पाय उचलला गेला.

अनुपमानं हात केला नाही. मागून गाडी आली म्हणून ती रस्ता सोडून कडेला उभी राहिली, धूळ लागू नये म्हणून ओढणी तोंडावर धरली आणि गाडीला वाट दिली. कोण्या परक्या ट्रकला द्यावी तशी. जीवननं आरशात पाहिलं आणि आरसा वर वळवून टाकला. जीपमधलं हसणं थांबलं होतं. सगळ्यांनी तिला ओळखलं होतं. "थांब" म्हणालं कोण? कोणीच नाही.

ती पोचली तेव्हा बॅच संपलेली.

संध्याकाळी सरस्वतीबाई जीपपाशी आली. जीवननं खाली मान घालून शिव्यांची तयारी ठेवली. शिव्या खाल्ल्या की माणूस सुटतो. पण म्हातारी शांत बोलली.

"तिनं तुह्यं नाव नाही घेतलं रे. म्या म्हटलं, भांडली काऊन नाहीस त्याच्यासंग? तं म्हणते, 'आजी, फुकटच्या सीटवर कसं भांडू? येष्टीत असती तं कंडक्टरले म्हटलं असतं, पास हाय माह्यापाशी.' तुह्या गाडीत बाप्पा, तुही मेहरबानी."

एवढं बोलून ती गेली.  पोरी फुकट नेतो म्हणून शाल घेतली होती जीवननं! पोरींच्या हातात पास होता तेव्हा त्या मान वर करून चढत होत्या. तो हक्क काढून घेऊन त्यानं त्यांना उपकार दिला, आणि उपकारापायी पोरगी तोंड मिटून उतरून गेली.

त्यानं तोड काढून पाहिली. पुढच्या ग्रामसभेत म्हणाला, "गावानं वर्गणी काढा. मंग गाडी भरो का न भरो, मी टायमावर सोडतो."

"माह्या घरात कालेजची पोरगी नाही. मी काऊन देऊ?"

"माह्याजोळ फटफटी हाय. मी काऊन?"

"ज्याची पोरगी त्यानं पाहावं ना भाऊ!"

बस बंद करताना टाळ्या वाजवणाऱ्यांतले निम्मे तर पुडी थुंकायच्या निमित्तानं बाहेर सटकले.  ही भाषा जीवनचीच होती, त्यानंच गावाला शिकवलेली. ज्या वर्गणीला "मी काऊन?" म्हणून पाठ फिरवता येत नाही तिलाच टॅक्स म्हणतात, हे त्याला त्या सतरंजीवर बसून कळलं.

तो पुन्हा उठला. "मंग येष्टी परत मागा. ते रिकामी नव्हती, म्या रिकामी केली. तुमाले माईत होतं. त्या दिवशी गाडीत बसून अनुपमाच्या आंगावर धूळ उडवत गेलो, तेही तुमाले माईत हाय."

"आता तत्त्वज्ञान सुचलं व्हय? गाडी इकतं का मंग?" कोणीतरी पिंक टाकली. हसू फुटलं, पण ओठांतल्या ओठांत. लग्नघरचा म्हातारा जमीन उकरत बसला होता. भगवंतरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि कोणाकडेही न पाहता ठरावाला मान्यता मागितली. हात वर झाले. एकमेकांकडे न पाहता.

आगाराला बस चालू करायला लावणं म्हणजे दगडाला पाझर फोडणं. जीवननं चपला झिजवल्या. साहेबानं तोंडावर विचारलं, "नको म्हणून ठराव तुमचाच ना?" मान खाली घालून त्यानं हो म्हटलं. शेवटी फेरी मिळाली, पण प्रवासी दिसले तरच पुढं चालू ठेवू या अटीवर.

अनुपमा त्या बसनं जात नाही. राहिलेलं प्रॅक्टिकल तिनं नंतर दिलं, पण चिखलीला मावशीकडे राहून, आणि ती तिकडचीच झाली. गावी आली की जीवनला "बरे आहा ना काका?" म्हणते. तो "हाव" म्हणतो आणि आरसा पुसायला लागतो.

आता तो जीप बस गेल्यावर काढतो. पण बाजूच्या गावचे दोन जीपवाले बसच्या आधी येऊन उभे राहतात, ओरडतात, आणि ठरावाला हात वर केलेली तीच माणसं त्यांच्यात चढतात. जीप लवकर पोचते म्हणे.

तेव्हा, बाप्पाहो, टॅक्सच्या नावानं आरोळ्या पुरे. उद्या तुमच्या गावच्या स्टँडवर जीप उभी असंल, आणि मागून खडखडत एसटी येत असंल, तर जरा थांबा. एसटीत चढा, आणि तिकीट काढा.