चौकशीला आलेला पाहुणा

अवसरी बुद्रुकमधल्या आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी. बी.एस्सी. झालो, परीक्षा देऊन लष्करात ऑफिसर झालो आणि मेजर म्हणून बाहेर पडलो. हे सांगायला मला संकोच वाटत नाही. आमच्यातलं कुणी त्याआधी तालुक्याच्या साहेबासमोर खुर्चीवर बसलं नव्हतं.

दोन हजारनंतरची गोष्ट. सरकारच्या एका खात्याला धरणं आणि वीजघरं यांच्या पहाऱ्यासाठी सुरक्षा सल्लागार हवा होता. मी अर्ज केला. मुलाखत चांगली झाली. आता फक्त चारित्र्य पडताळणी राहिली होती. तिचा फॉर्म मी स्वतःच्या हातानं भरला. जमीन, वडिलांच्या नावावर तीन एकर. पोलीस केस, एक. कॉलेजात असताना शेतीपंपांना वीज मिळावी म्हणून नाशिक रस्त्यावर रास्ता रोको झाला, त्यात मलाही धरलं होतं. पुढं केस मागं घेतली गेली. तरी लष्करात जातानाही मी ती लिहिली होती, याही वेळी लिहिली.

तेव्हा मी तेहतीस वर्षांचा होतो आणि माझं लग्न झालेलं नव्हतं. सगळा घोळ त्यातून झाला.

पंधरा दिवसांनी पुण्याच्या पोलीस कार्यालयातून फोन आला. पलीकडचा साहेब शांतपणे म्हणाला, "तुमच्या फॉर्मात तीन एकर आहे, गाव वीस एकर सांगतं. पुण्यातला बंगला तुम्ही लिहिलेलाच नाही. आणि पोलीस केस तर गावाला माहीतच नाही. आम्ही काय समजायचं? आठ दिवसांत खुलासा द्या, नाहीतर तुमचं नाव वगळतो."

दहा वर्षांच्या नोकरीत माझ्या कागदावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. मी त्याच दिवशी गाव गाठलं.

घरात आई पोह्यांचा डबा भरून ठेवत होती. "कधी यायचीत रे ती माणसं?" तिनं विचारलं. माझ्या डोक्यात तिथंच प्रकाश पडला.

धाकटे काका ओट्यावर कांदा निवडत बसले होते. मी विचारलं, "काका, गावात माझी चौकशी करायला कोण आलं होतं?"

"पावणा आला व्हता डेअरीवर. लई सभ्य माणूस. शर्टाला इस्त्री. जमीन किती, भाऊ किती, दारूबिरू पितो का, समदं इचारलं त्यानं. मी म्हनलं, मुंबैकडचं स्थळ दिसतंय."

"ते पोलीस होते, काका."

"मंग सांगायचं न्हाई का तसं? मी चहा पाजला राव त्याला. आमाला हुंडा नको म्हनून पन सांगितलं."

"आणि वीस एकर?"

"आता आजूबाजूची धरून सांगितली."

"पुण्यातला बंगला?"

"बांधशीलच की कवातरी."

मला राग यायला हवा होता, पण काकांचं तरी काय चुकलं? आमच्याकडं परका माणूस मुलाची चौकशी करू लागला की तो मुलीकडचाच. त्याला कमी सांगणं म्हणजे कुणाचं तरी जमत आलेलं मोडणं, आणि त्यासारखं पाप नाही. चार एकर वाढवून सांगितली तर त्याला कुणी खोटं म्हणत नाही. डेअरीवरच्या बाकीच्यांनीही काकांच्या वीस एकरांवर मान डोलावली होती.

वडील फवारणीचा पंप दुरुस्त करत होते. वर न बघता म्हणाले, "ज्यानं वाढवलं त्यानंच जाऊन कमी करायचं."

काकांचा चेहरा पडला. लोणीपासून आळ्यापर्यंतच्या गावांत आमचे सोयरे, आणि त्या सगळ्यांत आपल्या घराचा मोठेपणा सांगायचं काम आजवर काकांचंच. आता त्यांनीच सरकारी टेबलासमोर उभं राहून आपली जमीन तीन एकर म्हणायचं होतं. ते जेवले नाहीत. सकाळी मात्र माझ्याआधी तयार होऊन, पेटीतला सात-बारा खिशात घालून एस.टी.च्या थांब्यावर उभे होते.

पुण्याच्या कार्यालयात तोच इस्त्रीवाला साहेब समोर बसला होता. काकांनी सात-बारा टेबलावर ठेवला.

"तीन एकर हाय. त्यातली एक मुरमाड. बंगला न्हाई. पोलीस केस झाली व्हती. आन त्या रास्ता रोकोला त्याला मीच नेलं व्हतं, त्यो अभ्यास करत बसला व्हता. हे पन लिवा."

मला हे नवीन नव्हतं, पण काकांनी ते चारचौघांत कधी कबूल केलं नव्हतं.

"मग त्या दिवशी असं का नाही सांगितलं?"

"तुमी पोरीचे बाप वाटला. पोरीच्या बापाला कुनी असं सांगतं का?"

साहेबाच्या ओठांवर हसू आलं, पण त्यानं पेन उचललं नाही. "एकाच तोंडानं दोन जबाब, काका. आता यातला कुठला धरू?"

काका म्हणाले, "आमचं सोडा. आमी समद्या गावानं वाढवून सांगितलं. पन तुमच्या कागदावर त्यानं आधीच खरं लिवलं व्हतं ना? मंग त्याचंच धरा."

साहेबानं माझा फॉर्म पुढं ओढला, सात-बाऱ्याशी ताडून पाहिला आणि काकांना बसायला खुर्ची दिली.

महिन्याभरात नेमणुकीचं पत्र आलं. सरकारला मी दिलेला पहिला सल्ला धरणाबद्दल नव्हताच. पहारेकऱ्यांच्या पडताळणीला गावात जाणाऱ्या माणसानं आधी ओळखपत्र दाखवावं, कशासाठी आलो ते सांगावं आणि मगच प्रश्न विचारावेत, असं मी लिहून दिलं. ते मंजूर झालं. काका अजून डेअरीवर सांगतात, की पुतण्या सल्लागार आहे खरा, पण त्याचा पहिला सल्ला आमच्या अनुभवावरचा. यात मात्र त्यांनी काहीच वाढवलेलं नाही.