चवीचे तपासनीस

जगातली सगळ्यांत उंच इमारत दुबईत आहे यावर विश्वास न ठेवणारा माणूस सबंध जगात एकच असेल, आणि तो दुबईतच, करामा नावाच्या वस्तीत, माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहत होता. "म्हणतात," एवढंच ते म्हणायचे. "मोजली कुणी? ज्यांनी बांधली त्यांनीच ना? मग!" जबल अलीच्या एका पाइपांच्या कारखान्यात हे माझे शेजारी क्वालिटी इन्स्पेक्टर होते. दिवसभर वेल्डिंगचे जोड तपासून 'रिजेक्ट'चा शिक्का मारायचा आणि संध्याकाळी तोच शिक्का मनात घेऊन घरी यायचं, असा त्यांचा क्रम. टॅक्सीचं मीटर, पेट्रोल पंपाचा काटा, सुपरमार्केटमधल्या ऑफर, लिफ्टमध्ये लावलेलं सर्टिफिकेट, सगळ्यांवर त्यांचा संशय. दुधाची बाटली घेताना पुढची घ्यायचे नाहीत, कारण पुढे जुना माल ठेवतात. मागची उचलायचे, आणि मग 'मागची उचलतात हे त्यांनाही ठाऊक असणार' अशी शंका येऊन शेवटी मधली घ्यायचे. कुणी दुकानदार त्यांना लाडाने 'हबीबी' म्हणाला की त्यांचा हात आधी पाकिटावर जायचा. गाडी चालवायचे नाहीत. "मला येते हो गाडी," ते सांगायचे, "पण बाकीच्यांना येते का?" आणि बाहेरचं खाणं? चहासुद्धा नाही. आपल्या घरच्या स्वयंपाकघराखेरीज जगातलं प्रत्येक स्वयंपाकघर त्यांच्या लेखी गुन्ह्याची जागा होती.

घरचं स्वयंपाकघर मात्र संशयाच्या पलीकडचं, कारण तिथे वहिनी होत्या. वहिनी रेवदंड्याच्या. त्यांच्या हातची आमटी, त्यांचं माशाचं कालवण, ही करामातली एक संस्थाच होती म्हणा ना. माझं कुटुंब मुलांच्या शिक्षणासाठी पुण्याला, मी इथे एकटा; त्यामुळे कित्येक वर्षं त्यांच्या घरून झाकलेली वाटी माझ्याकडे येत राहिली. मी मुळात कमी बोलणारा. वाटी घासून परत करायची आणि 'छान होतं' म्हणायचं, एवढाच माझा वाटा. पुढे वहिनींना एक मोठा ताप आला. ताप गेला, पण जाताना त्यांचा वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. तिखटाची आग तेवढी कळायची, बाकी जीभ म्हणजे पुठ्ठा. हे त्यांनी आधी कुणालाच सांगितलं नाही. मला कळलं ते वाटीतून. आमटी एक दिवस खारट, दुसऱ्या दिवशी अळणी, तिसऱ्या दिवशी दोनदा गूळ पडलेली. आणि मी काय केलं? वाटी घासली आणि म्हणालो, "छान होतं." एका संध्याकाळी दूध उतू जाऊन, करपून घरभर धूर झाला आणि वहिनी शेजारच्याच खोलीत निवांत कपड्यांच्या घड्या घालत बसलेल्या सापडल्या, तेव्हा सगळं बाहेर आलं.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. म्हणाल्या, कदाचित येईल परत, पण मुंबईला नाकाच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवा, उशीर करू नका. शेजाऱ्यांनी महत्प्रयासाने त्या डॉक्टरांची वेळ मिळवली, ती स्वतःच्या रिटायरमेंटनंतरची. तोवर हातावर हात धरून बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी एक थिअरी काढली. "रात्रीचा वॉचमन बघा. बिल्डिंगमधल्या माणसांच्या पावलांनी तो उठतो का? नाही. ओळखीची पावलं. पण परका माणूस आला की खाडकन उठतो. हिची जीभ तशीच झोपलीय. आपले मसाले तिच्या ओळखीचे झाले. तिला परकं काहीतरी पाहिजे." कारखान्यातल्या एका चिनी इंजिनिअरने त्यांना सांगितलं होतं की आमच्याकडे एक मिरी असते, तिने जिभेला झिणझिण्या येतात. झालं. ज्या माणसाने आयुष्यात बाहेरचा चहा घेतला नव्हता, तो माणूस शनिवारी सकाळी माझ्या दारात उभा राहिला. हातात घरून आणलेले स्टीलचे चमचे. "यल्ला," ते म्हणाले, "गाडी काढा. चायनीज खायचंय."

देराच्या गल्लीतल्या त्या पहिल्या हॉटेलात आम्हाला वाढायला एक नेपाळी माणूस आला. शेजाऱ्यांचे डोळे बारीक झाले. "हॉटेल चिनी, वेटर नेपाळी. मग कुक कहाँ का है?" वेटर म्हणाला, चीनचा. "दिखाओ." बिचाऱ्याने आतून खरोखरच एक चिनी बाई आणून उभी केली. तिच्या हातात कोयत्याएवढा सुरा होता. शेजाऱ्यांनी मान डोलावली, ती आत गेल्यावर मला म्हणाले, "कशावरून नुसती दाखवायला ठेवली नसेल?" मग बांबूच्या टोपलीतून आत सूप भरलेले डंपलिंग आले. ते त्यांनी चमच्यात घेऊन उजेडात फिरवले. "सूप आत शिरलं कुठून? जोड कुठाय?" वहिनी हसल्या. "अहो, मोदकच तो. कळ्या बघा." त्यांनी कळ्या बघितल्या, एकेक, जशी पाइपाची शिवण बघत असतील तशा. "लीकेज नाही," ते म्हणाले. "पास." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

आणि मग ती मिरी घातलेलं लालभडक सूप आलं. वहिनींनी एक चमचा घेतला आणि एकदम तोंडावर हात ठेवला. "अहो! झिणझिण्या! जिभेला झिणझिण्या आल्या!" शेजारी उठून उभे राहिले. टेबलाला धक्का लागला, चहा सांडला. त्यांनी तेच सूप स्वतः ओढलं, डोळ्यांतून पाणी काढलं आणि ते तिखटाचं आहे असं आम्ही न विचारताच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी मला लिफ्टपाशी भेटल्या. "भावोजी, चव नव्हती हो ती. दाताच्या डॉक्टरकडे सुई टोचल्यावर होतं ना, तसं झालं नुसतं. पण तुम्ही त्यांचं तोंड बघितलंत?" मी म्हणालो, बघितलं. "आता ते दर आठवड्याला परीक्षा घेणार. मला नाही म्हणवत नाही. तुम्ही जरा मदत करा." ज्या बाईचं मी इतकी वर्षं खाल्लं तिला मी काय सांगणार?

परीक्षा खरोखरच सुरू झाली. वहिनींनी डोळे मिटायचे, शेजारी त्यांच्या तोंडात घास देणार आणि विचारणार, "ओळख. काय लागतंय?" डोळे मिटलेले, तेव्हा खुणा कानावाटे द्यायला हव्यात. आंबट असलं की मी खोकायचं, गोड असलं की चमचा बशीवर वाजवायचा, खारट असलं की खुर्ची सरकवायची, असं आमचं ठरलं. शारजा, अजमान, अबुधाबी, थेट रास-अल-खैमापर्यंत आम्ही हे नाटक केलं. मी खोकत होतो, वहिनी "आंबट!" म्हणत होत्या, आणि मुंगीलासुद्धा आयडी विचारणारा हा माणूस टाळी वाजवत होता. त्यांना स्वयंपाक्याची शंका, तेलाची शंका, चॉपस्टिक धुतल्या की नुसत्या पुसल्या याची शंका. आम्हा दोघांची नाही. माझ्याबद्दल एक शंका आलीच त्यांना, ती माझ्या छातीची. "तुमचा हा खोकला मला बरोबर वाटत नाही. जेवतानाच येतो. एसी असेल, किंवा त्याहून वाईट." त्यांनी मला छातीचा एक्स-रे काढायला पाठवलं, आणि पुढच्या आठवड्यापासून ते खिशात ज्येष्ठमधाच्या कांड्या आणू लागले आणि मी खोकलो की मायेने एक पुढे करू लागले. मी चोखत बसायचो. असा कडू ज्येष्ठमध मी आयुष्यात खाल्ला नाही.

एकदा मात्र सगळं अंगाशी आलं. शारजाच्या हॉटेलात त्यांनी वहिनींच्या तोंडात आंब्याचं पुडिंग घातलं, आणि त्याच क्षणी माझ्या घशात एक सुकी लाल मिरची अडकली. मी खराखुरा खोकलो. थांबेनाच. वहिनींनी मिटल्या डोळ्यांनी ठामपणे सांगितलं, "आंबट. चांगलंच आंबट." शेजाऱ्यांनी मॅनेजरला बोलावलं. "पुडिंग खराब हुआ है." मॅनेजरने चमचाभर खाऊन पाहिलं. "सर, फ्रेश है. स्वीट है." त्यावर शेजारी उभे राहिले आणि भर हॉटेलात म्हणाले, "मेरी मिसेसकी जबान से ज्यादा तुमको समझता है क्या? पूछो करामा में!" मॅनेजर माफी मागून पुडिंग घेऊन गेला. वहिनी खाली बघत होत्या. मला त्या पुडिंगचीही लाज वाटली.

तरीही मी गप्पच राहिलो, आणि गोष्ट तैवानपर्यंत पोचली. दुबईतच इंटरनॅशनल सिटी नावाच्या वस्तीत एक लहानसं तैवानी हॉटेल आहे, एक वयस्कर जोडपं चालवतं. "चायनीज वेगळं आणि तैवानी वेगळं, हे मार्केटिंग असणार," असं म्हणतच शेजारी आत शिरले. तिथे एक चिकट, थलथलीत ऑम्लेट आलं. वहिनींनी डोळे मिटले. ऑम्लेटमध्ये काय आहे हे मलाच कळेना, त्यामुळे मी खोकलो नाही की चमचा वाजवला नाही. वहिनी चावता चावता थांबल्या. "कालवं," त्या म्हणाल्या. "अहो, कालवं आहेत यात!" मालकीणबाईंनी हातवारे करून शिंपला दाखवला, समुद्र दाखवला. खरंच कालवं होती. शेजाऱ्यांचा चेहरा त्या वेळी असा झाला होता की मी क्षणभर स्वतःच फसलो. वहिनींनी नंतर सांगितलं, "दाताखाली कळलं, भावोजी. लहानपणी खडकावरून फोडून खाल्लीत. दात विसरत नाहीत. चव नाही हो आली."

पण शेजाऱ्यांनी तोवर निकाल लावला होता. चव परततेय, ती तैवानी खाण्याने परततेय, आणि इथे जर नकलेने एवढा गुण येतो तर अस्सल जागी काय होईल! विमानांच्या मेंटेनन्सवर ज्यांचा काडीचा विश्वास नाही, त्यांनी तैपेईची तिकिटं काढली. रिटायर व्हायचं, तिथे जायचं, मग घरी. आणि गाडीत मागे बसल्या बसल्या त्यांनी मुंबईच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन करून ती वेळ रद्द केली. "आता कशाला? खलास. चव तर आली. डॉक्टर लोक उगाच टेस्ट काढतात." आरशात मला वहिनी दिसल्या. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. इतके दिवस आम्ही त्यांचा आनंद राखत होतो असं मी स्वतःला सांगत होतो. आता वहिनींचं नाक त्या आनंदाखाली चिरडलं जाणार होतं.

वहिनी वर गेल्यावर मी शेजाऱ्यांना पार्किंगमध्येच थांबवलं आणि गाडीत बसूनच सगळं सांगितलं. खोकला, चमचा, खुर्ची, कालवं, सगळं. माझं संपल्यावर ते म्हणाले, "म्हणजे तुमची छाती ठीक आहे?"

"हो."

"मी पाठवलं होतं तेव्हा एक्स-रे खरा काढलात की तेही...?"

"खरा काढला."

"बरं झालं," ते म्हणाले. मला वाटलं, आता शिक्का बसणार. "तुम्ही मला सांगितलंत, हे तिला सांगितलंय?"

"नाही."

"मग नका सांगू. ती माझ्यासाठी एवढं करतेय, ते मध्येच तोडायला नको." मग तिथेच फोन काढून त्यांनी दवाखान्यात पुन्हा वेळ मागितली. वहिनींना काय सांगायचं, असं मी विचारलं. "माझ्या घोरण्यासाठी जायचंय म्हणेन. सोबतीला तिला घेऊन जाईन. तिथे गेल्यावर बघू." आयुष्यभर दुसऱ्यांचं खोटं हुडकलेला माणूस स्वतः खोटं बोलायला लागला की किती कच्चा असतो, ते पुढच्या शनिवारी कळलं. परीक्षा होत राहिली, पण प्रश्नच बदलले होते. "गोड आहे ना गं हे? गोडच आहे, नाही का?" वहिनी चकित होऊन म्हणायच्या, "हो, गोड!" आणि मी चमचा हातात धरून बसलेला असायचो, बेकार.

शेजारी रिटायर झाले आणि ठरल्याप्रमाणे ते दोघं तैपेईला गेले. समोरच्या फ्लॅटमध्ये आता चार तरुण मुलगे राहतात, दारात बुटांचा ढीग असतो. मध्ये तैपेईहून वहिनींचा फोन आला. मागे बाजाराचा गलका. "भावोजी, मी आज त्यांना खरं सांगून टाकलं. इथे एक टोफू मिळतं, त्याचा वास म्हणे इतका घाणेरडा की लोक लांबून जातात. मी आपली सहज खात उभी. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग कसलं लपवायचं? म्हटलं, अहो, मला काहीच कळत नाही, पहिल्या दिवसापासून नाही. ते लांब उभे होते नाक धरून. तिथूनच म्हणाले, मग तूच संपव, मला नको. आणि मुंबईत त्यांच्या घोरण्याचा डॉक्टर आहे ना, त्यालाच माझंही नाक दाखवू म्हणतात."

"रागावले नाहीत?" मी विचारलं.

"अजिबात नाही. तेच तर नवल. दचकले मात्र चांगलेच. म्हणाले, कमाल केलीस गं, मला साधी शंकासुद्धा आली नाही."