चालू दाव्यातला तिसरा

मुळशीत लोकांना कोर्टात ओढून न्यावं लागतं. मी अर्ज करून गेलो.

स्वातंत्र्य मिळून दहा-बारा वर्षं झाली होती. आमची विहीर तिघांची: माझे चुलतभाऊ ज्ञानूदादा आणि बबन, आणि मी. दर तिसऱ्या दिवशी माझी मोट. ते दोघे पाण्यावरून भांडले आणि दादानं पुण्याच्या कोर्टात दावा ठोकला, 'विहीर आम्हा दोघांची, निम्मी वाटून द्या!' बबननं उत्तर दिलं, 'विहीर दोघांचीच, पण निम्म्याहून जास्त माझी!' माझं नाव कुठंच नाही! (एवढं भांडण, पण मला वगळण्यात एकमत.) निकाल असाच लागला तर माझा उभा कांदा रानात वाळणार होता.

"गप बसा की जरा," बायको म्हणाली. "भांडून दमतील दोघं."

"पानी माजं आन् गप मी बसू? न्हाई बसत, जा!"

मी पुण्यात वकील गाठले. त्यांनी समजावलं, "तुमच्या माघारी निकाल लागला तर तुमचा हक्क बुडेल, एवढं जज्जसाहेबांना पटवायचं. मग ते तुम्हाला याच दाव्यात पक्षकार करून घेतील. त्याला अर्ज लागतो. सोबत प्रतिज्ञापत्र."

"एक कशाला, दोन करा!" मी म्हणालो.

तारखेला पौडहून सकाळची एकच एस.टी. आम्ही तिघं एकाच बाकड्यावर! बबननं भाकरी सोडली, दादानं ठेचा काढला, मी दोन्ही खाल्लं.

कोर्टात साहेबांनी विचारलं, "यांना पक्षकार करायला कुणाची हरकत?"

दोन वर्षं एकमेकांशी न बोललेले दोघे एकदम उठले. "आमची!"

"का?"

दादा म्हणाला, "सायेब, आमच्यात रीत हाय. ज्याचा हिस्सा, त्यानं दर उन्हाळ्यात हिरीत उतरून गाळ काढायचा. ह्यो सात वर्सं उतरला न्हाई! ह्याचा हिस्सा कसला?"

माझं टाळकं सरकलं. वकील मागून सदरा ओढत होते, पण ऐकतो कोण!

"साफ खोटं! सात न्हाई, पाच! त्याआदी ह्या बबनसंगं मीच गाळ काढलाय. ईचारा त्याला!"

"काढलाय की!" बबन बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

साहेबांनी दोन्ही वाक्यं लिहून घेतली. हिस्सा होता हे बबननं कबूल केलं, पाच वर्षं चुकारपणा केला हे मी! झालो पक्षकार.

मी आत शिरल्यावर निम्मं-निम्मं संपलंच. तिघांत तडजोड झाली. तिसरा हिस्सा माझा, हे कागदावर आलं. त्याच्याखाली दुसरं कलम: माझ्या वाट्याचा पाच वर्षांचा साचलेला गाळ मी एकट्यानं काढायचा. तावातावात त्यावरही मी सही ठोकली.

त्या उन्हाळ्यात कमरेएवढ्या चिखलात उभा राहून मी वर ओरडलो, "तिसरा हिस्सा माजा हाय! हाय म्हंजे हाय!"

काठावर दोघे भाऊ मांडीला मांडी लावून विडी ओढत बसले होते. दादा खाली वाकला.

"व्हय रं बाबा, तुजाच हाय. आमी कुटं न्हाई म्हन्तोय? भर पाटी!"

भरली. करतो काय? जिंकलो होतो ना मी!