रेश्माच्या कॉलन्या

“एका कॉलनीत बिऱ्हाडं किती?” पास्कूकाकांनी विचारलं.

“लाखो,” रेश्मा उत्साहाने म्हणाली.

वसईतल्या पापडी गावच्या चर्चच्या हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. रविवारची मिस्सा आटोपून बसलेले वाडीवाले शेतकरी एकमेकांकडे बघू लागले. मी मागच्या बाकावर होतो. रेश्मा माझ्याकडे मायक्रोबायॉलॉजीत पीएच.डी. करत होती, मी तिचा गाइड. केळीच्या मुळांशी कोणते जंतू राहतात, हा तिचा विषय. त्यासाठी पास्कूकाकांच्या जुन्या वाडीतली माती हवी होती. ते नाही म्हणाले तर बाकीचेही नाही म्हणणार, आणि रेश्माचा विषयच बुडणार. फादरनी कशीबशी पाच मिनिटं मिळवून दिली होती. सोपं बोल, अवघड शब्द एकही नको, असं मी तिला दहादा बजावलं होतं.

म्हणून तिने ‘तुमच्या मातीतल्या कॉलन्या वाढवून बघायच्यात’ अशी सुरुवात केली होती. कॉलनी हा आमच्या लेखी सोपाच शब्द. एकटा जंतू डोळ्यांना दिसत नाही. त्याला झाकणाच्या चपट्या काचेच्या डिशमध्ये खाऊपिऊ घातलं की तो वाढतो, आणि त्याच्या गोतावळ्याचा एक ठिपका दिसायला लागतो. तो ठिपका म्हणजे कॉलनी. पण ते नव्वदचं दशक होतं. वसईत ज्याच्या त्याच्या वाडीच्या कुंपणाशी कुणी ना कुणी बिल्डर उभा असायचा. तिथे कॉलनीचा अर्थ एकच होता.

“उभी किती दिवसांत होते?”

“दोन दिवसांत, काका. जागा उबदार असली तर एका रात्रीत.”

“आणि परवानगी?”

“ती तुम्हीच द्यायची ना.”

काका उठले. “फादर, ही बाय कुठल्या बिल्डरची?”

रेश्मा रडकुंडीला आली. मला तिची दया आली आणि रागही आला. “अगं, डिश दाखव,” मी मागून ओरडलो.

तिने पिशवीतून डिश काढली. काकांनी चष्मा चढवला. बराच वेळ ते त्या ठिपक्यांकडे बघत राहिले.

“लाखो जण एवढ्याशा जागेत?”

“हो काका. सगळे एकाचेच वंशज.”

“मग ही कॉलनी कसली, बाय? ही तर आमची आळी. घराला घर चिकटलेलं आणि सगळे नात्यातले.”

हॉल हसला. माती मिळाली, वर केळ्यांचा एक घडही मिळाला. अट एकच होती, वाडीत कॉलनी हा शब्द तोंडातून काढायचा नाही.

रेश्माने ती इतकी पाळली की तिच्या तोंडात दुसराच शब्द बसला. पुढे व्हायव्हा झाली, म्हणजे पीएच.डी.ची तोंडी परीक्षा. बाहेरगावाहून आलेले परीक्षक खुर्चीतूनच डिशवर वाकले. रेश्मा खणखणीत आवाजात म्हणाली, “सर, या डिशमध्ये भरपूर आळ्या झाल्यात.”

परीक्षक खुर्चीसकट मागे सरकले. “अळ्या? डिश झाकत नव्हता का तुम्ही?”

पदवी मिळाली, पण त्याआधी पास्कूकाकांची अख्खी आळी मला परीक्षकांना समजावून सांगावी लागली. तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना ‘सोपं बोला’ म्हणत नाही. समोर कोण बसलंय ते आधी बघा, एवढंच म्हणतो.