क्लॅरी टूमीचा हात

क्लॅरन्स हॅविलंड वारला तेव्हा सिडनीच्या एका पेपरात दोन बोटं बातमी आली. 'इंग्लंडमध्ये जन्मलेले ज्येष्ठ चरित्र अभिनेते' असं त्यात छापलं होतं. वाचून माझं डोकं फिरलं. ज्येष्ठ ठीक आहे, सत्तरी ओलांडली होती. पण इंग्लंड त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. तो इथलाच, ऑस्ट्रेलियातल्या कूनॅम्बल गावचा. खरं नाव क्लॅरी टूमी, आणि बाप मेंढ्यांची लोकर कातरायचा.

मी नोरीन. माझं सगळं आयुष्य कपडेपटात गेलं, आधी नाटकाच्या, मग टीव्हीच्या, मग सिनेमाच्या. क्लॅरीच्या अंगावर मी किती कर्नल, किती न्यायाधीश आणि किती पाद्री चढवले त्याला गणती नाही. लोक रस्त्यात त्याला थांबवून म्हणायचे, "तुम्हाला कुठेतरी पाहिलंय." कुठे ते त्यांना आठवायचं नाही आणि नाव तर नाहीच नाही.

चौदाव्या वर्षी तो बापाबरोबर कातरशेडमध्ये उभा राहिला. थोरला भाऊ डेस आधीपासून तिथे होताच. बापाचा हात असा, की मेंढीच्या अंगावरची लोकर एकसंध उतरायची, पांघरूण काढावं तशी. मेंढी मोकळी करण्याआधी तो तिच्या कपाळावर बोटांच्या पेरांनी दोनदा थोपटायचा. बाकीचे हसायचे. दोन्ही पोरांनी मात्र ते उचललं होतं.

मग मंदीची वर्षं आली. बापाच्या कमरेने दगा दिला आणि काम मंदावलं. एक दिवस मालक शेडमध्ये आला. तो अस्सल इंग्रज, हातमोजे घातलेला. त्याने आवाज चढवला नाही, हातमोजेही काढले नाहीत. दोन्ही पोरांसमोर बापाला हळू आवाजात सांगितलं, की उद्यापासून येऊ नकोस. बापाने वळकटी बांधली. पुढे त्याला कुठल्याच शेडने उभं केलं नाही. काम गेल्यावर तो माणूस दारूने गेला, की अपमानाने गेला, हे मी विचारलं नाही.

क्लॅरीला आवाजाची देणगी होती. तो सिडनीला आला आणि रेडिओच्या नाटकांत शिरला. पण तो काळच असा होता, की आमच्या रेडिओवर गुराख्यानेही लंडनच्या दिवाणखान्यात बसल्यासारखं बोलायचं. आमच्या गावांकडचं कुणी बोललंच, तर ते हशासाठी ठेवलेला गडी. क्लॅरीने मिस अ‍ॅलार्डाइस नावाच्या बाईची शिकवणी धरली. त्याला दातात बूच धरायला लावून तिने उच्चार घोटून घेतले आणि जिभेवरचं कूनॅम्बल पार धुऊन काढलं. नावही तिनेच बदललं. टूमी नावाचा माणूस कर्नल कसा होणार?

पहिल्याच नाताळाला तो घरी गेला. ताटावर बसून त्याने अत्यंत शुद्ध स्वरात विचारलं, "कृपा करून मीठ इकडे देता का?"

डेस म्हणाला, "आई, साहेबाला मीठ दे. आणि जरा वाकून दे गं."

सगळे हसले, क्लॅरीही हसला. पण तेव्हापासून घरात तो साहेबच झाला. पुढे आई वारली, तेव्हा क्लॅरीचं बोलणं ऐकून शेजारच्या बाईने डेसला बाजूला घेऊन विचारलं, "हे नवे फादर इंग्लंडहून आलेत का रे?" क्लॅरी हा किस्सा रंगवून सांगायचा.

मग सत्तरची सालं उजाडली आणि देशाला अचानक स्वतःच्याच जिभेचं प्रेम आलं. सगळ्यांना आपली माणसं, आपली माती, आपली बोली हवी झाली. ज्यांनी क्लॅरीला दातात बूच धरायला लावलं त्यांचीच मुलं आता लांब केस वाढवून मातीचा वास शोधत फिरायला लागली. त्यातल्याच एकाने सिनेमा काढला. मंदीतला एक कातरणारा, त्याची कंबर जाते आणि मालक त्याला भर शेडमध्ये हाकलतो. गोष्ट वाचून क्लॅरी धावत माझ्याकडे आला.

"नोरीन, हा माझा बाप आहे. हे काम मला मिळालं, तर पुन्हा काही नको."

ऑडिशनला मी कोट धरून दारात उभी होते. क्लॅरीने तोंड उघडलं. गावची बोली होती, पण वरून चिकटवल्यासारखी. एखादा इंग्रज अधिकारी दारू पिऊन नोकराची नक्कल करतो, तशी. तीस वर्षांत जीभ परतीची वाट विसरली होती.

दिग्दर्शक चांगला मुलगा होता, म्हणून जास्तच लागलं. तो म्हणाला, "क्लॅरन्स, राग मानू नका. पण तुम्ही आमच्या माणसांची टिंगल करताय असं वाटतं."

"माझे वडील..." क्लॅरीने सुरुवात केली, त्याच लंडनच्या आवाजात. तो आवाज त्याच्याच कानावर पडला असावा, कारण तो तिथेच थांबला.

"तुम्ही मालक करा ना. ते काम जणू तुमच्यासाठीच लिहिलंय."

कातरणाऱ्याचं काम मिळालं ग्रँट ओल्डरशॉला. तो वकिलाचा मुलगा, बंदराकाठच्या बंगल्यात वाढलेला. गावची बोली तो महिनाभरात शिकला आणि छान शिकला. ते मला आजही खुपतं.

मी क्लॅरीला म्हटलं, "नाही म्हण. तोंडावर फेक त्यांच्या."

"आणि खाऊ काय?" तो म्हणाला.

शूटिंग कूनॅम्बलपासून दूर एका जुन्या शेडमध्ये होतं. पहिल्याच दिवशी क्लॅरीने माझ्याकडे राखाडी हातमोजे मागितले. कथेत हातमोजे नव्हते. मी शोधून दिले. त्या प्रसंगात तो आत आला, आवाज न चढवता चार वाक्यं बोलला आणि निघून गेला. गर्दीसाठी आणलेले कातरणारे खरोखरचे होते. त्यांची यंत्रं आपोआप थांबली. चहाच्या सुट्टीत क्लॅरी कप घेऊन त्यांच्या बाकाशी गेला, तर ते एकेक करून उठले.

इकडे ग्रँटला मेंढी आवरेना. त्याने दोन बिचाऱ्यांना रक्तबंबाळ केलं. दिग्दर्शकाने त्या कातरणाऱ्यांना विनवलं, की तुमच्यातल्या कुणाचेतरी हात जवळून दाखवू आणि चेहरा ग्रँटचा जोडू. त्यांचा म्होरक्या म्हणाला, "हात आमचे आणि नाव त्याचं? जमणार नाही, बाबा."

तेव्हा क्लॅरीने हातमोजे काढले. मालकाचा कोट माझ्या हातात दिला, बाह्या सारल्या आणि मेंढीला मागून धरून बसवलं. पहिल्या दोन फटक्यांत यंत्र अडखळलं. मग जिभेला जे जमलं नाही ते हातांना जमलं. लोकर एकसंध खाली आली. पेरांनी कपाळावर दोनदा थोपटून त्याने मेंढी सोडली.

"कॅमेरा लावा," दिग्दर्शक म्हणाला. "आणि ग्रँटचा शर्ट यांना घाला."

शर्ट मीच घातला. बटणं लावताना मला राहवलं नाही. "म्हणजे कातरणार तूच आणि हाकलणारही तूच. आणि पडद्यावर तुझा चेहरा दिसणार तो हाकलणाऱ्याचा."

"ओळखणारा ओळखेल," तो म्हणाला.

"कोण ओळखणार?"

"डेस."

एवढीच त्याची आशा होती. डेसने त्याला बरीच वर्षं पत्रसुद्धा टाकलं नव्हतं.

सिनेमा गाजला. ग्रँटने एका मासिकात सांगितलं, की मेंढीला थोपटणं मला आतून सुचलं. मी तो अंक चुलीत घातला.

कूनॅम्बलच्या हॉलमध्ये खेळ लागला, तेव्हा क्लॅरी मला बरोबर घेऊन गेला. डेस आला होता. इस्त्रीचा शर्ट, हातात टोपी. तो क्लॅरीच्या पलीकडच्या खुर्चीत बसला. पडद्यावर मालक आला तसा हॉलभर फूत्कार उठला. मागून कुणी म्हणालं, "मेल्याला मेंढीसारखा कातरा." क्लॅरी सरळ बसून होता. त्याच्या तीस वर्षांच्या धंद्यातलं ते सगळ्यात चांगलं काम होतं.

मग ते हात आले. लोकर उतरली, पेरं दोनदा कपाळावर पडली. डेस पुढे झुकला. पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "हात बघ त्या ग्रँटचा. अगदी आपल्या म्हाताऱ्याचा हात. असला हात शिकवून येत नाही."

मी क्लॅरीकडे बघितलं. वाटलं, आता बोलेल. त्याची मूठ गुडघ्यावर आवळलेली होती.

"होय," तो त्या घोटीव आवाजात म्हणाला. "अत्यंत गुणी नट आहे तो."

मी त्याच्या पायावर पाय दिला. तो हलला नाही. खेळ सुटल्यावर दारात डेस म्हणाला, "बरंय साहेब, येतो." बस, संपलं.

गाडीत मी क्लॅरीला फाडून खाल्लं. "सांगितलं का नाहीस?"

"त्याने ओळखलं नाही," तो म्हणाला. "सांगून ओळख मागायची, तर तीस वर्षं मागतोच आहे की मी."

तो पुन्हा कूनॅम्बलला गेला नाही. नंतरही कर्नल केले, पाद्री केले, विम्याच्या जाहिरातीत एक आजोबा केला. माझा त्याच्यावरचा राग अजून गेलेला नाही.

क्लॅरी गेल्याचं डेसला मी फोन करून कळवलं होतं. तो रात्रभर बसने आला. दफनाला आमच्या धंद्यातले मोजकेच लोक होते. ते उरकल्यावर पबमध्ये बिअर आणि सँडविचेस ठेवली होती, तिथे मी त्याला गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. शर्ट, शेड, हात, सगळं. त्याने ऐकून घेतलं.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"थोपटलं तेव्हाच कळलं. म्हातारा गेल्यावर तसं थोपटणारे आम्ही दोघंच उरलो होतो. आणि मी तर खुर्चीत बसलो होतो."

"मग ग्रँटचं नाव कशाला घेतलंस?"

"तो म्हणेल म्हणून. म्हणेल, अरे गाढवा, तो माझा हात आहे. एवढं म्हणाला असता, तर मी तिथेच त्याला मिठी मारली असती. त्याने त्या पोराची तारीफ केली. मला वाटलं, त्याला अजून आमची लाज वाटते."

"तो तू ओळखायची वाट बघत होता, डेस."

डेसने टोपी डोक्यावर ठेवली, परत काढली, परत ठेवली. ग्लास तसाच भरलेला होता. मग त्याने कूनॅम्बलची बस किती वाजता सुटते ते विचारलं.