वाळवण टाकून गेलेली बाई
शिजलेल्या ज्वारीच्या पिठाचा लसूण-जिऱ्यासकट वास आला की मला अमळनेरच्या आमच्या गच्चीवरचा तो दिवस आठवतो. माझ्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वेड्यावाकड्या होत, म्हणून सासूबाईंनी मला कादंबरी वाचून दाखवायला बसवलं होतं. त्या आणि शेजारणी जुन्या लुगड्यावर बिबड्या थापत होत्या. कादंबरीतली बाई भरदुपारी, अंगणातलं वाळवण तसंच टाकून, पिणाऱ्या नवऱ्याला सोडून दुसऱ्याचा हात धरून निघून गेली. मी नवी सून, ते वाक्य मी घाईघाईनं वाचून टाकलं. सगळ्यांचे हात थांबले. सासूबाई कडाडल्या, "नवराले सोडं ते बरं करं, पन वायवन टाकीसन कोन जास?" बाई सगळ्यांच्या मनातून कायमची उतरली. आता नवऱ्याशी भांडले की मीही बॅग भरते, पण दारापर्यंत जाऊन परत फिरते. आमच्या गच्चीवर बारा महिने काहीतरी वाळत असतंच.